सहा-चाळीसची गोळी

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी पोटाच्या डॉक्टरबाईंनी त्याला विचारलं, "ही गोळी तुम्ही कशासाठी घेता?" आणि त्याला उत्तर देता आलं नाही.

प्रश्न अवघड नव्हता. येताना चालू असलेली सगळी औषधं सोबत आणावीत, असं तपासणीच्या कागदावर छापलेलं होतं, आणि छापलेलं ते पाळायचं असा त्याच्या बायकोचा बाणा असल्यामुळे घरातली औषधांची अख्खी पिशवी टेबलावर उपडी झाली होती. खोकल्याची अर्धी बाटली, मुदत संपलेले डोळ्यांचे थेंब, मुलीच्या कधीकाळी मोडलेल्या बोटाचं मलम आणि निळ्या-पांढऱ्या पट्ट्या सात. डॉक्टरबाईंनी बाकीचं हाताने बाजूला सारलं आणि एक पट्टी उचलून उलटी केली. "ही रोज?" "रोज. सकाळी सहा-चाळीसला." हे सांगताना त्याच्या आवाजात थोडा अभिमान होता. तो नेहमीच असे. "काही खाऊन?" "नाही, उठल्या उठल्या. पाण्याबरोबर." "किती दिवस?" "नऊ वर्षं." मग तो प्रश्न आला. त्याने तोंड उघडलं. डोकेदुखीसाठी, हे शब्द तयार होते, फवारा मारून बधिर केलेल्या घशापर्यंत आलेही होते. पण त्यांच्या मागोमाग दुसरा एक प्रश्न आत शिरला, आणि तो डॉक्टरबाईंनी विचारलेला नव्हता. डोकं शेवटचं कधी दुखलं होतं? तो आठवू लागला. बायको त्याच्याकडे बघू लागली. भिंतीवरचं घड्याळ अकरा वाजून बारा मिनिटं दाखवत होतं आणि दीड मिनिट पुढे होतं.

शहराच्या बससेवेची वेळापत्रकं तो बनवायचा. एकोणतीस वर्षं. कार्यालयात त्याला मिनिटे म्हणत, आणि नवीन आलेली माणसं ते आडनावच समजून त्याला मिनिटेसाहेब अशी पत्रं लिहीत. त्याच्या टेबलावर हातभर लांबीचे आलेखाचे कागद पसरलेले असत, आडव्या रेघेवर वेळ आणि उभ्या रेघेवर अंतर. प्रत्येक बस म्हणजे त्यावरची एक तिरकी रेघ. रेघ चढी असली तर गाडी पळते आहे, आडवी झाली तर थांबली आहे. संगणक आल्यावरही तो आधी पेन्सिलने काढायचा, कारण पेन्सिल चुकली की हाताला कळतं. त्याच्या धंद्याचं तत्त्व एकच होतं: गर्दी जमल्यावर सोडलेली गाडी ही उशिराच सोडलेली असते. गर्दी जमायच्या आधी गाडी उभी पाहिजे. नऊ वर्षांपूर्वी शहरातले सगळे मार्ग नव्याने आखायचं काम त्याच्याकडे आलं, एकशे चाळीस मार्ग, आणि रोज सकाळी नऊ वाजता तक्रारींचे फोन सुरू झाले की त्याचं डोकं डाव्या भुवईपासून ठणकायला लागायचं. औषधवाल्याने गोळी दिली आणि सांगितलं, दुखायला लागलं की घ्या. त्याला हा सल्ला गबाळा वाटला. दुखायला लागलं की घ्यायची म्हणजे गर्दी झाल्यावर गाडी सोडायची. नऊला दुखतं, तर गोळी आधीच रस्त्यावर हवी. त्याने हिशेब करून सहा-चाळीस ठरवलं. पहिल्याच आठवड्यात डोकेदुखी बंद झाली. नवे मार्ग सुरू झाले, फोन कमी झाले, वर्षभरात थांबले. गोळी सुरू राहिली. डोकं दुखत नव्हतं, म्हणजे गोळी काम करत होती.

"डोकेदुखीसाठी," तो शेवटी म्हणाला. "डोकं दुखतं?" "नाही." "मग?" "गोळी घेतो म्हणून दुखत नाही." डॉक्टरबाई त्याच्या मुलीपेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठ्या असतील. त्यांनी पट्टी खाली ठेवली आणि हसू येऊ नये म्हणून चष्मा काढून पुसला. त्याची बायको चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. काचा बदलत दिवसभर माणसांना विचारायची, हे बरं, की आधीचं बरं? तिला ते चष्मा पुसणं बरोबर कळलं. "बाई, तुम्ही हसा," ती म्हणाली. "मी सव्वीस वर्षं हसतेय. यांच्या पोटातसुद्धा वेळापत्रक आहे."

ते खरंच होतं. दुखणं सुरू झालं तेव्हा, म्हणजे चार महिन्यांपूर्वी, त्याने ते आलेखावर मांडलं होतं. जेवण सुटल्यावर साधारण पस्तीस मिनिटांनी बरगड्यांच्या मधोमध एक जळजळ निघायची, चढत जायची, तासभर वरच्या टोकाला थांबायची आणि उतरायची. त्या मार्गाला त्याने शून्य क्रमांक दिला होता. जेवण कमी केलं की फेरी लहान व्हायची, म्हणून त्याने जेवण कमी केलं. पट्ट्याला दोन भोकं नवीन पडली. मग मागच्या आठवड्यात तीन दिवस शौचाला जे काळं, चिकट आणि विलक्षण घाण वासाचं झालं, त्याबद्दल तो कुणाशी बोलला नाही, पण नोंद न करणंही त्याला जमण्यासारखं नव्हतं. वहीत त्याने लिहिलं, डांबरीकरण सुरू. बायकोने वही उघडली ती भाजीवाल्याचा नंबर शोधायला. "कुठल्या रस्त्याचं डांबरीकरण हो?" तिने विचारलं. त्याने सांगितलं. तिने दुकानात फोन करून सुट्टी घेतली आणि त्याला बूट घालायला लावले. डांबरासारखं म्हणजे वरून कुठून तरी रक्त येतंय, आतल्या रसात मुरून काळं होतंय, हे त्याला दवाखान्यात कळलं. तिला ते कुठून माहीत होतं, हे त्याने अजून विचारलं नव्हतं. रक्तस्राव आपोआप थांबला होता, रक्त तपासलं होतं, ते कमी भरलं होतं, पण चढवावं लागेल एवढं कमी नव्हतं. आणि आज दहा-वीसला त्याला डाव्या कुशीवर झोपवून, दातांत प्लास्टिकची कडी देऊन, टोकाला दिवा असलेली काळी नळी आत सोडली होती. पडदा त्याला दिसत होता. गुळगुळीत गुलाबी बोगदा, वळण, मग मोठी ओली खोली, भिंतींना घड्या. आणि खालच्या अंगाला, एका घडीवर, करंगळीच्या नखाएवढा खड्डा. तळ पांढुरका, कडा लाल. त्याच्या मनात आलं ते इतकंच, की बरोबर थांब्याच्या जागी आहे.

"हा व्रण," डॉक्टरबाई आता कागदावर जठराची पखालीसारखी आकृती काढून सांगत होत्या. "जठरात आम्ल असतं, ते तुम्हाला माहीत आहे. ते इतकं तीव्र असतं की जठराने स्वतःलाच पचवून टाकायला हवं. टाकत नाही, कारण आतून त्याला एक बुळबुळीत अस्तर असतं. ही गोळी काय करते, तर दुखणं थांबवता थांबवता ते अस्तर धरून ठेवणारी व्यवस्थाच बंद पाडते. अधूनमधून घेतली तर अस्तर परत भरून येतं. तुम्ही त्याला नऊ वर्षं सुट्टी दिली नाहीत." "रविवारीसुद्धा नाही," बायकोने माहिती पुरवली. "दुसरं मोठं कारण म्हणजे एक जंतू. त्याची चाचणी मघाशीच केली, तो तुमच्यात नाही. म्हणजे आपला माणूस हाच." त्यांनी पट्टीवर पेन टेकवलं. मग पेन आकृतीकडे नेलं आणि खड्ड्याच्या कडेला पाच टिंबं दिली. "इथून पाच तुकडे काढून तपासायला पाठवलेत. जठरातल्या व्रणाचे आम्ही पाठवतोच, कारण क्वचित एखादा दिसायला साधा असतो आणि आत कर्करोग असतो. बहुतेक साधेच निघतात. पण बहुतेक म्हणजे सगळे नव्हेत. शुक्रवारी कळेल." एवढं सांगून त्यांनी टोपण लावलं. बायकोचा हात पिशवीतली औषधं परत भरत होता, तो मधेच थांबला, मग पुन्हा भरू लागला. खोकल्याची बाटली, थेंब, मलम. पट्ट्या तिने टेबलावरच ठेवल्या.

त्याला मात्र या वेळी भलतंच विचारायचं होतं. "आणि काळजी?" तो म्हणाला. "काळजी कसली?" "काळजीने होत नाही का? टेन्शन, मनस्ताप. घरात कुणी काही केलं, त्याचा घोर लागला, असं." डॉक्टरबाईंनी मान हलवली. "पूर्वी तसंच मानायचे. काळजी, तिखट, राग. असलेलं दुखणं त्याने जास्त जाणवतं. पण काळजीने भोक पडत नाही हो. त्या काळचे पुष्कळसे व्रण त्या जंतूचेच असणार, कुणाला माहीत नव्हतं एवढंच." "कुणाच्या मार्कांमुळे वगैरे नाही पडत?" "कशामुळे?" "मार्क. परीक्षेतले." आता बायकोनेही त्याच्याकडे वळून बघितलं. "नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या, "मार्कांमुळे नाही पडत."

बसमध्ये तो खिडकीशी बसला आणि बायकोने त्याला केळं सोलून दिलं. चौदा क्रमांकाची गाडी, एक मिनिट उशिरा होती, पण आज त्याला ते मनावर घ्यावंसं वाटलं नाही. तो अकरा वर्षांचा होता तेव्हा त्याला गणितात शंभरापैकी एकोणीस मिळाले होते. वडील तारखात्यात होते आणि त्यांचं पोट दुखायचं. पोट दुखतं म्हणजे ते काळजी करतात, असं त्यांचे डॉक्टर म्हणाले होते, आणि त्या दिवसापासून घर चवड्यांवर चालू लागलं. दर दोन तासांनी थंड दुधाचा पेला. कुणी मोठ्याने बोलायचं नाही, वाईट बातमी आधी आईकडे द्यायची, मग आई ती जिरवून टाकायची. त्याने प्रगतिपुस्तक कपाटामागे सारलं. आठ दिवसांनी वडिलांना ते सापडलं. ते रागावले नाहीत. खुर्चीत बसून त्यांनी ते दोनदा वाचलं, एकोणीस या आकड्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "बरं." त्या शनिवारी त्यांना रक्ताची उलटी झाली. मोठी शस्त्रक्रिया झाली, अर्धं जठर काढून टाकलं. पुढे ते उरलेल्या अर्ध्यावर तीस वर्षं मजेत जगले, दिवसातून सहा वेळा थोडंथोडं खात, आणि गेले ते अगदी वेगळ्याच कारणाने, झोपेत. पण ते 'बरं' त्याच्यात राहिलं. तो एकही मिनिट न चुकणारा माणूस झाला. कुणाला आपल्यामुळे थांबावं लागू नये, कुणाला आपल्यामुळे वाट पाहावी लागू नये, आपल्या हातून कुणाच्या आत काही फाटू नये. हे त्याने कधी शब्दांत मांडलं नव्हतं. आत्ता केळं खाताना ते शब्द आले, आणि आले तेव्हा ते जुन्या नोटिशीसारखे होते, मागे घेतलेल्या. त्याला हसू फुटलं. "काय झालं?" बायकोने विचारलं. "मी निर्दोष सुटलो." "शुक्रवार यायचाय अजून," ती म्हणाली. "ते वेगळं," तो म्हणाला.

ते वेगळं होतं, आणि तिला ते वेगळं करता येत नव्हतं, हे त्याला तिच्या हातावरून कळत होतं. पिशवीचे बंद तिने बोटाभोवती गुंडाळले होते. मग त्याने तिला काचेच्या कारखान्याची गोष्ट सांगितली. ती त्याने तिला लग्नाच्या वर्षी सांगितली होती, पण तेव्हा त्यात तो स्वतः हुशार होता. नोकरीला लागून वर्ष झालं असेल. पहाटे पाच-पंचावन्नला एक गाडी शहराच्या टोकाला काचेच्या कारखान्याच्या फाटकापर्यंत जायची. कारखाना बंद पडून अडीच वर्षं झाली होती. गाडी जात होती. वेळेवर. चालक फाटकाशी उभी करायचा, पेपर वाचायचा, वळवून परत आणायचा. कुणीच कळवलं नव्हतं, कारण गाडीत कुणीच नव्हतं, आणि त्या कार्यालयात तक्रार आली तरच काही बिघडलं आहे असं समजत. तक्रार नाही म्हणजे मार्ग उत्तम चालला आहे. त्याने एका रविवारी स्वतः त्या गाडीत बसून पाहिलं, फाटकाला लागलेलं कुलूप पाहिलं, आणि साहेबांना दोन ओळींचं पत्र लिहिलं. त्याची पहिली शाबासकी ती. "आणि मग," तो म्हणाला, "तोच शहाणा माणूस नऊ वर्षं रोज सकाळी बंद कारखान्याला गाडी सोडतो." "आणि गाडी जाताना रस्ता उखडत जाते," बायको म्हणाली. तिने बंद सोडले. तिचं बोट पांढरं पडलं होतं, ते तिने चोळलं. "उद्या गोळी नाही," ती म्हणाली. "उद्या नऊ वाजता बघू, कारखाना बंद आहे की चालू."

बुधवारी सहा-चाळीसला तो स्वयंपाकघरात पाण्याचा पेला हातात घेऊन उभा होता. हाताला आणि पेल्याला सवयीने माहीत होतं काय करायचं, पण तिसरी गोष्ट, गोळी, आली नाही. नवीन कॅप्सूल आम्ल कमी करणारी होती, नाश्त्याच्या अर्धा तास आधी, आठ आठवडे. म्हणजे सात-वीस. चाळीस मिनिटं मोकळी होती. त्याने खिडकीतून समोरच्या इमारतीत एका माणसाला दाढी करताना पाहिलं, आणि नऊ वर्षांत हा माणूस आपण पहिल्यांदाच बघतोय की रोज बघून विसरतोय, हे त्याला ठरवता येईना. कार्यालयात तो आठ-पन्नासला पोचला आणि घड्याळ काढून आलेखावर ठेवलं. समोरच्या टेबलावर मामा बसायचे. चालक-वाहकांच्या पाळ्या लावायचं काम त्यांचं. सगळ्या कार्यालयाचे ते मामा होते, कारण सुट्टी मागायला येणारा प्रत्येक जण त्यांना मामा म्हणूनच सुरुवात करायचा. नऊ वाजले. फोन वाजला, चुकीचा नंबर. नऊ-पाच. डाव्या भुवईकडे त्याने इतकं लक्ष दिलं की ती जड झाल्यासारखी वाटली. हे दुखणं की लक्ष? त्याने लक्ष काढून उजव्या भुवईला दिलं. तीही जड झाली. नऊ-वीस.

"कुणाची वाट बघताय, मिनिटे?" मामांनी विचारलं.

"डोकेदुखीची."

"मग इथे काय बसलात? वरच्या मजल्यावर जा. कोपऱ्यातली केबिन. दार वाजवून जा मात्र."

नऊ-चाळीसला त्याने घड्याळ मनगटावर चढवलं. काही आलं नव्हतं. कारखाना बंद होता. कधी बंद पडला असेल? पहिल्या वर्षी? दुसऱ्या? किती हजार गोळ्या त्या कुलपापर्यंत जाऊन आल्या असतील? त्याला वाईट वाटायला हवं होतं, पण डोकं आतून झाडून काढलेल्या खोलीसारखं लागत होतं, आणि तिथे एकच सामान होतं: शुक्रवार. ते त्याने मधोमध राहू दिलं. हलवून ठेवायला दुसरी जागाच नव्हती.

गुरुवारी संध्याकाळी ताईचा फोन आला. ताई त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी, दुसऱ्या शहरात, निवृत्त परिचारिकेची सून असल्यामुळे औषधपाण्यात स्वतःला अधिकारी समजणारी. "दर दोन तासांनी थंड दूध घे," ती म्हणाली. त्याने सांगितलं की दुधाने घटकाभर बरं वाटतं आणि मागून आम्ल जास्तच येतं, डॉक्टरबाईंनीच सांगितलं. "मग बाबांना इतकी वर्षं पाजलं ते?" "ते वायाच."  मग त्याने सांगितलं, की काळजीनेही होत नाही. एकोणीस मार्कांची गोष्ट त्याने तिला आयुष्यात पहिल्यांदा सांगितली, आणि सांगताना त्याचा आवाज अकरा वर्षांच्या मुलासारखा बारीक झाला.  तो आणखी काही सांगणार, तोच ताई म्हणाली, "तुझ्या गणिताचं काय घेऊन बसलास? त्या आठवड्यात बाबांना माझी चिठ्ठी सापडली होती."

"कसली चिठ्ठी?"

"कसली म्हणजे? सतराव्या वर्षी मुली काय बँकेला चिठ्ठ्या लिहितात? त्या तबला शिकवणाऱ्याला लिहिलेली. बाबांनी वाचली, घडी घातली, मला परत दिली. म्हणाले, बरं. आणि शनिवारी ते तसं झालं. मी काय समजायचं? तबला बंद केला मी. तो माणूस वाईट नव्हता रे."

तो स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसला. ते भोक आपलंच आहे, असं दोघांनीही त्रेचाळीस वर्षं एकमेकांना न विचारता धरून ठेवलं होतं. "म्हणजे तू पण," तो म्हणाला. "म्हणजे काय, तू पण," ताई म्हणाली, "आणि वर म्हणतोस आपण दोघंही नाही." "जंतू होता बहुतेक." "मेला," ताई म्हणाली, आणि हसायला लागली. तिचं हसणं आईसारखं खाली बसत जाणारं होतं, शेवटी नुसता श्वास. तोही हसला. बायको दारात येऊन उभी राहिली, काय ते कळेना, पण तिलाही हसू आलं. फोन ठेवण्याआधी ताईने विचारलं, "उद्या किती वाजता कळेल?" आवाज बदललेला होता. "साडेअकरा." "लगेच कळव. दूध पिऊ नकोस."

शुक्रवारी अकरा-वीसला ते दोघं दवाखान्याच्या तळमजल्यावर, अहवाल देण्याच्या खिडकीसमोरच्या बाकावर होते. पोट शांत होतं. सकाळी त्याने दोन पाव खाल्ले होते, पस्तीस मिनिटांनी काही निघालं नव्हतं, किंवा निघालं असेल तर त्याने पाहिलं नव्हतं. बायकोने दुकानात पुन्हा सुट्टी टाकली होती. ती समोरच्या भिंतीवरचा डोळे तपासायचा तक्ता बघत होती, कुणी तरी चुकीच्या मजल्यावर लावलेला. "कमी उजेडात लावलाय," ती म्हणाली. "इथे उभं केलं तर चांगल्या माणसालाही नंबर लागेल." मग तिने त्याच्याकडे न बघता विचारलं, "भीती वाटते?" त्याने शोधलं. होती. लपलेली वगैरे नव्हती, शेजारीच बसली होती. पण तिला चढण नव्हती. ती कुठून कुठे जाते आणि किती वेळात, हे त्याला काढता आलं नसतं. "वाटते," तो म्हणाला. "पण भूकही लागलीय." "हे बरं, की आधीचं बरं?" तिने विचारलं. "हे," तो म्हणाला.

अकरा-बत्तीसला खिडकीतल्या बाईंनी त्याचा क्रमांक पुकारला. कागद एकच होता. तो त्यांनी दिला नाही, हातात धरून वाचला, मग आत कुणाला तरी फोन केला, हो, हो, समोरच आहेत, असं म्हणाल्या आणि फोन ठेवला. चार तुकडे साधे आहेत, त्यांनी सांगितलं, चारांत वाईट काही नाही. पाचवा फार लहान निघाला. त्यात दोन-चार पेशी नीट ओळखता येत नाहीत. सूज असेल म्हणून तशा दिसत असतील किंवा आणखी काही असेल. तो पुन्हा कापून, दुसरा रंग लावून बघताहेत. डॉक्टरबाई आत्ता फोनवर म्हणाल्या, आज यापेक्षा जास्त सांगता येणार नाही. बायकोने खिडकीच्या कठड्याला धरलं. "मग कधी?" तिने विचारलं. "सोमवारी." "सोमवारी किती वाजता?" त्याने विचारलं. बाईंनी पुढचा क्रमांक उचलला होता. "दिवसभरात केव्हाही," त्या म्हणाल्या.